सोडचिठ्ठीवर सही करायच्या आधी: घटस्फोटाला वकील लावावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका भावानं विचारलं की बहिणीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, चार वर्षांची मुलगी आहे, चौदा महिन्यांपासून बहीण मुलीला घेऊन माहेरीच आहे. मागच्या आठवड्यात सासरचे चारपाच जण घरी आले अन् म्हणून गेले, "वकील कायले पायजे? दोन लाख घ्या, स्टॅम्पवर लिहून द्या, पोट्टी बी मोकळी अन् पोट्टा बी मोकळा." आईला वाटते मिटवून टाकावं. भावाला वाटते वकील लावला तर प्रकरण ताणल्या जाईल, अन् जे दोन लाख मिळताहेत ते वकिलाच्याच फीमध्ये जातील. तर लावावा की नाही.

भाऊ, मी बावीस वर्षांपासून तालुक्याच्या कोर्टात घटस्फोटाच्या केसेसची वकिली करते. त्यामुळं मी "लावाच" म्हणेन असं वाटत असेल तर तसं नाही, मी दर वर्षी तीनचार जोडप्यांना सांगते की तुम्हाला वेगवेगळे वकील लावायची काही गरज नाही, एक नीट अर्ज लिहून घ्या अन् कोर्टासमोर उभे राहा. पण तुमच्याकडं गोष्ट दुसरी आहे. वकील लावणं वेगळं अन् वकिलाला विचारणं वेगळं. लावायचा का नाही ते नंतर ठरवता येते. विचारायचं मात्र सही करायच्या आधी, कारण सही झाल्यावर माझ्याकडं जे लोक येतात त्यांच्यासाठी मला अर्धंच काम करता येते, उरलेलं अर्धं त्या कागदानं आधीच खाल्लेलं असते.

आधी स्टॅम्पचं बोलू. पूर्वी शंभरचा असायचा, आता पाचशेचा आणतात, त्यावर टाइप करतात, नोटरीचा लाल शिक्का मारतात, दोन साक्षीदारांच्या सह्या, झाली सोडचिठ्ठी. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे, अन् बौद्ध समाजालाही तोच लागू आहे. त्या कायद्याखाली झालेलं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय मोडत नाही. स्टॅम्प कितीचाही असू दे. नोटरी फक्त एवढं सांगते की ही सही ह्याच माणसानं माझ्यासमोर केली, लग्न तोडायचा अधिकार नोटरीला नाही, सरपंचाला नाही, तंटामुक्त समितीला नाही, समाजाच्या बैठकीलाही नाही. ज्या जातीत काडीमोडाची जुनी रूढी आहे त्यांना त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये सूट आहे हे खरं, पण ती रूढी कोर्टात साक्षीपुराव्यानं सिद्ध करावी लागते अन् "आमच्यात असंच चालते" एवढं म्हणून ती सिद्ध होत नाही.

एक बाई माझ्याकडं आल्या होत्या, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. कॅरीबॅगमधून त्यांनी तो स्टॅम्प काढला तर तो लॅमिनेशन करून ठेवलेला. इतका जपलेला. त्यावर लिहिलेलं, "आजपासून उभयतांचा पतीपत्नी म्हणून कोणताही संबंध राहिला नाही, कोणीही कोठेही दुसरे लग्न करण्यास मोकळे आहे." त्या भरवशावर बाईंनी दुसरं लग्न केलं, अकरा वर्षं संसार केला, दोन लेकरं झाली. मग नवरा वावरात करंट लागून गेला. वारसाचा फेरफार घ्यायला तलाठ्याकडं गेल्या तर दिरानं हरकत घेतली की ही बाई आमच्या भावाची कायदेशीर बायकोच नाही, हिचा पहिला नवरा जिता आहे अन् त्याच्यापासून घटस्फोटच झाला नाही. दीर वाईट होता पण कायद्यानं बरोबर बोलत होता. पहिलं लग्न चालू असताना केलेलं दुसरं लग्न मुळातच रद्द धरल्या जाते. लेकरांचं बरं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळं ते औरस धरले जातात, बापाच्या मिळकतीत त्यांचं नाव लागलं. बाईचं नाव अडकलं ते अडकलंच. अकरा वर्षं ज्या वावरात निंदण खुरपण केलं त्याच्या सातबाऱ्यावर ती कोणीच नाही. तो स्टॅम्प त्या दिवशी टेबलावर माझ्यासमोर पडलेला होता, लॅमिनेशनमुळं चमकत होता, अन् मी त्यांना काय बोलू ते मला सुचत नव्हतं.

म्हणून दोन लाख असो का दहा लाख, स्टॅम्पवर नाही. दोघांना मोकळंच व्हायचं असेल तर त्याचा सरळ रस्ता त्याच कायद्यात आहे, कलम १३ ब, परस्पर संमतीचा घटस्फोट. एक वर्ष वेगळं राहून झालं पाहिजे, तुमच्या बहिणीचे चौदा महिने झाले म्हणजे ती अट पूर्ण आहे. दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा, त्यानंतर साधारण सहा महिने थांबायचं अन् मग दुसऱ्यांदा कोर्टासमोर येऊन सांगायचं की आमचं अजूनही तेच म्हणणं आहे. पहिल्या अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत हे दुसरं पाऊल उचलावं लागते. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं की ते सहा महिने माफ करता येतात, पण त्यासाठी वेगळं राहण्याचा काळ आधीच बराच झालेला पाहिजे (दीड वर्षाचा हिशेब धरतात), समेटाचा प्रयत्न फसलेला पाहिजे अन् पोटगी, मुलाचा ताबा असं सगळं आपसात मिटलेलं पाहिजे. माफी हक्कानं मिळत नाही, न्यायाधीशांना पटावी लागते.

अर्ज कुठं? लग्न जिथं लागलं, शेवटी दोघं जिथं राहिले, समोरचा जिथं राहते, किंवा अर्ज बायकोचा असेल तर ती आता जिथं राहते तिथं. नागपूर, अमरावती, अकोला इथं कौटुंबिक न्यायालयं आहेत, जिथं ते नाही तिथं वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. आता एक गंमत, कौटुंबिक न्यायालयाच्या कायद्यात, १९८४ च्या, असं लिहिलेलं आहे की तिथं वकील हा पक्षकाराचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. परवानगी मिळते, पण मूळ विचारच असा होता की नवराबायकोनं स्वतः येऊन बोलावं. म्हणजे वकिलाशिवाय घटस्फोट होत नाही हे जे पारावर सांगतात ते खोटं आहे. कोणत्याही कोर्टात स्वतःची केस स्वतः चालवता येते.

मग वकिलाशिवाय कोणाचं जमते? माझ्या अनुभवात, लग्नाला दोनतीन वर्षं झालेली, लेकरू नाही, दोघंही कमावते, लग्नातलं सामान ज्याचं त्यानं नेलेलं, एकमेकांवर एकही केस नाही, अन् दोघंही एकाच टेबलावर बसून चहा पिऊ शकतात. अशांनी एकाच वकिलाकडून अर्ज लिहून घ्यावा, पैसे अर्धे अर्धे द्यावे, दोन तारखांना यावं. बस. तिथं दोन दोन वकील म्हणजे उगाच खर्च.

तुमच्या बहिणीचं यातलं काहीच जुळत नाही. लेकरू आहे. तिची स्वतःची कमाई नाही. आंदणात दिलेलं सगळं तिकडंच असणार. अन् मुख्य म्हणजे आकडा त्यांनी ठरवला, कागद त्यांचा, घाई त्यांची.

त्या दोन लाखांचा हिशेब करून पाहा एकदा. मुलगी चार वर्षांची, अठराची व्हायला चौदा वर्षं, म्हणजे १६८ महिने. दोन लाख भागिले १६८, महिन्याला अकराशे नव्वद रुपये. त्यात दोघी. तुमच्या गावातून दारव्ह्याला शाळेत जायचा ऑटोवाला महिन्याचे किती घेते ते विचारून या अन् मग तो आकडा कसा वाटते ते सांगा. वरून मुलीची पोटगी अठरालाच संपते असंही नाही, १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यात लग्न न झालेल्या मुलीचा, तिला स्वतःचं भागवता येत नसेल तर, बापाकडून पोटगी घ्यायचा हक्क पुढंही चालू राहते. अन् हा हक्क मुलीचा आहे. आई स्वतःचा हक्क सोडू शकते, लेकराचा सोडू शकत नाही. सासरच्यांनी आणलेल्या मजकुरात "यापुढे माझा व मुलीचा कोणताही हक्क राहणार नाही" असं वाक्य असेलच, मी न पाहता सांगते, असते ते. सही झाल्यावर ते वाक्य कोर्टात टिकत नाही हे दाखवायला पुन्हा दोनतीन वर्षं भांडत बसावं लागते.

मी दोन लाख कमीच आहेत असं म्हणत नाही. त्यांचं कोरडवाहू तीन एकर असेल, कपाशीला बोंडअळी अन् सोयाबीनला येलो मोझॅक, तर खरंच त्यांच्याकडं देण्यासारखं नसेल. पण ते पाहिल्याशिवाय कसं ठरवायचं? इथं विचारपूस कामी येते. सातबारा अन् आठ-अ ऑनलाइन निघते. जमीन नवऱ्याच्या नावानं आहे का सासऱ्याच्या हे पाहा, कारण इकडं पोराच्या नावानं काही नसतेच, सगळं बापाच्या नावानं, अन् कोर्टात पोरगा म्हणते "साहेब मी तं मजुरीवर जातो." तेव्हा बाजार समितीच्या काटापट्ट्या, जिनिंगवर कापूस दिल्याची बिलं, पीक कर्जाचं पासबुक, ट्रॅक्टर कोणाच्या नावावर, विमा कोणाच्या खात्यात आला, हे सगळं बोलते. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ठरवून दिलं की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न अन् मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, अन् त्यात शेतकऱ्यांसाठी नमुनाच वेगळा आहे, किती जमीन, बागायती का कोरडवाहू, काय पिकते, जनावरं किती, सगळं भरावं लागते. हे शपथपत्र समोरच्याला भरायला लावणं हे वकिलाचं काम आहे अन् वकिलाच्या फीचा बराचसा मोबदला मला विचाराल तर इथंच वसूल होते.

एक गैरसमज इथंच काढून टाकते, लोक येऊन विचारतात "अर्धं वावर भेटते का?" नाही भेटत. नवऱ्याच्या जमिनीत घटस्फोटानं बायकोचा अर्धा हिस्सा होत नाही, आपल्याकडं तसा कायदा नाही. कोर्ट पोटगी ठरवते, एकरकमी किंवा महिन्याची, अन् गरज पडली तर नवऱ्याच्या नावावरच्या स्थावर मिळकतीवर तिचा बोजा चढवू शकते. तिचं स्त्रीधन मात्र तिचंच, पोत, कानातले, कपाट, दिवाण, भांडे, तिच्या आईबापानं अन् पाव्हण्यांनी तिला दिलेलं सगळं. ते दोन लाखात धरलं आहे का दोन लाखाच्या वर आहे, हे त्या दिवशी आलेल्यांनी सांगितलं नसेल. विचारा.

आता माझीच एक चूक सांगते, सुरुवातीच्या वर्षांतली. संमतीचा अर्ज होता, मी बाईकडून होते, अटींमध्ये मी लिहिलं, "मुलाच्या शिक्षणाचा खर्च वडील करतील." छान वाटलं तेव्हा. आकडा नाही, तारीख नाही, कोणतं शिक्षण ते नाही. वर्षभरानं बाई रडत आल्या, नवरा म्हणते लेकरू झेडपीच्या शाळेत आहे, तिथं फी नाही, म्हणजे माझा खर्च शून्य. वहीपुस्तकं, दप्तर, सायकल, शिकवणी, त्याच्या मते हे शिक्षणच नाही. माझ्या एका ढिल्या वाक्यानं त्या लेकराचं नुकसान झालं अन् तेव्हापासून मी अटी लिहिताना आकडा, तारीख अन् बँक खातं याशिवाय एकही ओळ सोडत नाही. भेटीचंही तसंच. "वडील मुलीला भेटू शकतील" हे वाक्य भांडणाचं बी आहे, कोणत्या रविवारी, किती वाजता, कुठं (आमच्याकडं बहुतेक बसस्टँडवरच देणंघेणं होते लेकराचं), दिवाळीत किती दिवस, उन्हाळ्यात किती, हे लिहायचं. पाच वर्षांच्या आतलं लेकरू साधारणपणे आईकडं राहावं असं कायदाच म्हणते, त्यामुळं ताब्याची भीती घालून कोणी आकडा कमी करत असेल तर घाबरू नका.

अन् पैसे कधी, हे तर आकड्याहून मोठं. "कापूस निघाला की देतो" हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे. कापूस निघते, विकल्या जाते, कोर्टाचा हुकूमनामा होऊन गेलेला असते अन् मग बाई दरखास्त लावून वसुलीच्या मागं फिरते. संमतीच्या अर्जात दुसऱ्या तारखेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागं घेऊ शकते, म्हणजे हुकूमनामा होईस्तोवर तुमच्या हातात काहीतरी असते, नंतर नसते. म्हणून काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी अन् उरलेली दुसऱ्या तारखेला डिमांड ड्राफ्टनं, न्यायाधीशांसमोर, नंबर अर्जात लिहून. रोख नाही. समोरच्या बाजूलाही हेच सोयीचं आहे, त्यांनाही भीती असतेच की पैसे घेऊन बाई दुसऱ्या तारखेला आलीच नाही तर. हुंड्याच्या छळाची केस आधीच झालेली असेल (पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) तर ती सहसा नागपूर खंडपीठात जाऊन रद्द करावी लागते, तो खर्च कोणाचा अन् पैसे आधी का केस आधी, हेही लिहून ठेवा. यात पुढंमागं झालं की सगळंच फिसकटते.

जर नवरा किंवा बायको, दोघांपैकी एकजण नाही म्हणत असेल तर मात्र विचारत बसू नका, वकील लावाच. कारण "पटत नाही" हे आपल्या कायद्यात घटस्फोटाचं कारणच नाही. छळ, दोन वर्षं सोडून देणं, दुसऱ्याशी संबंध, अशी कारणं ठरलेली आहेत अन् ती साक्षीपुराव्यानं दाखवावी लागतात. लग्नात काही उरलं नाही म्हणून मोडून टाकायचा अधिकार सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये मान्य केला, पण तो फक्त स्वतःपुरता. तालुक्याच्या कोर्टाला तो नाही. उलटतपासणी स्वतः करायला गेलेले मी पाहिले आहेत, प्रश्न विचारायच्या ऐवजी भांडायलाच लागतात, "सांग, त्या दिवशी तूच नाही का म्हणालास", अन् टायपिस्ट बिचारा थांबून पाहत राहते.

समन्सचं एक सांगायचं राहिलं, हे गावात फार होते. बेलिफ येतो, अन् घरातलं कोणीतरी म्हातारं माणूस सांगते, "घेऊ नको गा, घेतलं की अटकलो." मग तो लिहून नेते, नोटीस घेण्यास नकार दिला. नकार म्हणजे नोटीस मिळाली असंच धरल्या जाते. तुम्ही तारखेला गेला नाहीत की केस एकतर्फी चालते अन् एक दिवस गावात बातमी येते की त्याचं तं दुसरं लग्न जमलं, घटस्फोट झाला म्हणे. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येते, पण त्याला तीस दिवसांची मुदत आहे अन् सबळ कारण द्यावं लागते. "आबा म्हणाले घेऊ नको" हे सबळ कारण नाही. कोर्टाचा कागद आला की घ्यायचा, सही करायची, वर तारीख वार लिहायचा अन् त्याच आठवड्यात कोणाला तरी दाखवायचा. घरगुती हिंसाचाराचा असो, पोटगीचा असो, नांदायला ये म्हणून कलम ९ चा असो. हा कलम ९ चा कागद बाईला आला की माहेरचे खूष होतात, बोलावलं म्हणून. पुष्कळदा तो पोटगी टाळायची तयारी असते.

आता तुमचा खरा प्रश्न, पैसे. तुमच्या बहिणीला वकिलाचे पैसे द्यायची गरजच नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये बाईला उत्पन्नाची अटच नाही. तहसीलदाराचा दाखला नको, रेशनकार्ड पिवळं का केशरी ते नको. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, साध्या कागदावर अर्ज द्यायचा, आधारची झेरॉक्स लावायची, वकील मिळतो अन् टायपिंग, समन्स असा खर्चही तेच करतात. फोनवर विचारायचं तर १५१०० हा नंबर आहे. अनुसूचित जाती जमातीच्या पुरुषांनाही उत्पन्नाची अट नाही, बाकी बहुतेक पुरुषांना आहे, पण गरीब शेतकरी पोरं तीत सहज बसतात अन् त्यांना हे कोणी सांगतच नाही, ते सावकाराकडून काढून फी भरतात. शिवाय घटस्फोटाच्या अन् पोटगीच्या केसमध्ये महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून.

फुकटचा वकील लक्ष देते का? खरं सांगू, काही देतात, काही नाही देत. मी स्वतः समितीच्या पॅनेलवर, म्हणजे फुकट वकिलांच्या यादीत, होते. मानधन कमी असते अन् उशिरा येते त्यामुळं काहीजण तारखेवर तारीख करतात. अशा वेळी गप्प बसून राहायचं नाही, समितीला अर्ज देऊन वकील बदलून घेता येते. अन् पॅनेलच्या वकिलानं वरून पैसे मागितले तर तीही तक्रार तिथंच करायची. पैसे देऊन वकील लावायचा असला तरी बायकोनं हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा अर्ज करायचा, केस चालू असेस्तोवर पोटगी अन् दावाखर्च नवऱ्यानं द्यावा म्हणून. कायद्यात हा अर्ज नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं लिहिलं आहे. शक्यतो. तुम्ही समजून घ्या.

वकील निवडताना एवढं पाहा की तो पहिल्या भेटीत किती ऐकते अन् किती बोलते. बसल्या बसल्या "पाच केसेस टाकू, सुतासारखा सरळ करू" म्हणणारा असेल तर उठून या. तुम्हाला जी भीती आहे ना ताणल्या जाईल म्हणून, ती इथं खरी ठरते, पाच केसेस म्हणजे पाच तारखा, पाच दिवसांची मजुरी बुडते, एसटीत बाईला अर्धं तिकीट असलं म्हणून काय झालं. तुमच्या बहिणीला पोटगीचा एक अर्ज अन् घटस्फोटाचा एक, एवढ्यात भागेल असं मला वरवर दिसते, मारहाण झाली असेल तर गोष्ट वेगळी, मग घरगुती हिंसाचाराचा अर्ज पहिला. फी ठरवताना एकरकमी का तारखेला, त्यात टायपिंग झेरॉक्स धरलं का, अपिलाचे वेगळे का, हे कागदावर लिहून घ्या. "पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के" असं ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानं बंदी आहे, कोणी म्हटलं तर समजून जा. कोऱ्या कागदावर सही नाही, कोऱ्या वकीलपत्रावरही नाही. केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मागून घ्या, ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख तुमच्याच मोबाईलवर दिसते, मग "तारीख काय पडली" म्हणून वकिलाला दहा फोन करावे लागत नाहीत. वकील बदलायचा झाला अन् फी बाकी आहे म्हणून तो फाइल देत नसेल तर तसं अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाचाच तसा निकाल आहे. आम्हा वकिलांना हे ऐकायला आवडत नाही.

हे सगळं हिंदू विवाह कायद्याचं झालं. गोंड, कोलाम, कोरकू, माडिया अशा अनुसूचित जमातींना तो कायदा लागूच नाही, कलम २ मध्ये तसं स्पष्ट आहे. त्यांचा घटस्फोट त्यांच्या रूढीनं होते अन् नंतर नोकरी, पेन्शन, वारस यासाठी कागद लागला की दिवाणी कोर्टातून तसं जाहीर करून घ्यावं लागते, अन् ते काम वकिलाशिवाय करायला जाऊ नये. कितीतरी अर्ज नुसते चुकीच्या कायद्याखाली टाकले म्हणून परत येतात. फौजदारी कोर्टातल्या पोटगीचा अन् घरगुती हिंसाचाराचा कायदा मात्र सगळ्यांना एकच आहे, जात धर्म न पाहता.

तर या आठवड्यात एवढं करा. सासरचे पुन्हा आले तर भांडू नका, "बहिणीला विचारतो, कोर्टातूनच करू" एवढंच म्हणा. लग्नपत्रिका, लग्नातले दोन फोटो, मुलीचा जन्मदाखला, दोघांचे आधार, आंदणाची यादी, असेल तर ग्रामसेवकाकडचा लग्नाचा दाखला (नसला तरी अडत नाही), अन् बहिणीच्या हातानं दोन पानं लिहून घ्या, काय काय झालं, कधी झालं. तुम्ही नका लिहू, तिला लिहू द्या. हे घेऊन तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं जा, अन् तिला आत एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर बसा. आत आल्यावर भाऊ बोलते, आई बोलते, काका बोलते अन् जिचा संसार आहे ती पदराचं टोक पिळत बसते, मग तिला घटस्फोट पाहिजे का फक्त पोटगी पाहिजे का अजूनही नांदायचं आहे हे मला तिसऱ्या भेटीपर्यंत कळत नाही. त्यांनी मजकूर टाइप करून आणला असेल तर मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, कागद त्यांना परत द्या.